वारसा वाचवताना कोणाला उठवलं?

फोनवर ‘आर्ल’ शोधलंत, तर दक्षिण फ्रान्समधल्या या शहराचं रोमन अँफिथिएटर आधी दिसेल. इसवी सन ९० च्या सुमाराचं, कमानींच्या दोन मजल्यांचं, सुमारे २०,००० प्रेक्षक बसतील एवढं. फोटो जरा मोठा करा. लंबगोल भिंतीवर तीन चौकोनी बुरूज दिसतील. ते रोमन नाहीत. मग तिथे काय करताहेत?

रोमन साम्राज्य कोसळल्यावर लोकांनी या जाड भिंतींचा आसरा घेतला. कमानी बुजवल्या, बुरूज चढवले, आत घरं बांधली. जिथे रक्त सांडताना पाहायला गर्दी जमायची, तिथे गल्ल्या झाल्या, चुली पेटल्या, पोरं जन्मली. २०० हून अधिक घरं आणि दोन चॅपेल, असं अख्खं गाव त्या रिंगणात शेकडो वर्षं नांदलं.

१८२० च्या दशकात ही घरं ताब्यात घेऊन पाडायला सुरुवात झाली. १८३० मध्ये मोकळ्या रिंगणात बैलांचा खेळ झाला. निमित्त होतं फ्रान्सने अल्जीअर्स जिंकल्याचं. आणि १९८१ मध्ये आर्लची रोमन आणि रोमानेस्क स्मारकं जागतिक वारसा ठरली.

मला प्रश्न पडतो तो इथे. आपण मारण्याची जागा जपली आणि जगण्याची जागा पुसली. असं का? जुनं ते जास्त खरं म्हणून? पण ती वस्तीही जुनीच होती. फक्त ती सम्राटांची नव्हती.

हाकेच्या अंतरावरचं रोमन नाट्यगृह पाहा. तिथले दगड लोकांनी बांधकामासाठी नेले. रंगमंचामागच्या भिंतीचे दोनच उंच खांब उरले. गावकरी त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात. अँफिथिएटरचं तसं झालं नाही, कारण ते गावाचा कोट होतं. म्हणजे ज्यांच्या राहण्यामुळे इमारत बऱ्याच अंशी टिकली, त्यांनाच इमारतीच्या भल्यासाठी उठावं लागलं.

दुसरी बाजूही खोटी नाही. घरं तशीच राहिली असती, तर ती रोमन रचना आज अशी सलग दिसली नसती. काहीतरी निवडावं लागतंच. पण निवडलं, हे कबूल तरी करावं.

जवळच सेंट ट्रोफीम चर्च आहे. त्याच्या १२व्या शतकातल्या रोमानेस्क दारावर अंतिम न्यायाचा देखावा कोरलाय: मधोमध ख्रिस्त, एका बाजूला तारलेले, दुसऱ्या बाजूला बांधून नेले जाणारे पापी. स्मारक ‘मूळ रूपात’ आणणारेही असाच निवाडा करतात. हे शतक तारायचं, ते घालवायचं. फरक एवढाच, की घालवलेल्यांना इथे दारावरही जागा मिळत नाही.

निदान ते तीन बुरूज राहिले. कधी आर्लला गेलात, तर फोटोतून त्यांना कापू नका.