पूर्वसूचित अंधार

वीज अमुक वेळीं जाणार हें आधीं कळलें कीं जागरूक कुटुंब सिद्धतेस लागतें. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळसारख्या गांवांना ही संवयच जडली: टाकी भरून घ्यावी, दळण उरकावें, कंदिलाची कांच पुसून ठेवावी. यांत दूरदृष्टि आहे हें कोण नाकारील? परंतु त्या घाईच्या तासांत ज्यानें नळाला मोटार लाविली, त्यानें शेजाऱ्याच्या तोटींतलें पाणी ओढलें. इन्व्हर्टरही वीज निर्माण करीत नाहीं; घेतो त्याहून कमीच परत देतो, आणि तुटवडा तर विजेचाच! आजाऱ्यासाठीं वा परीक्षार्थी मुलासाठीं हें मी गैर मानणार नाहीं. पंख्यासाठीं मात्र प्रश्न उरतो. ‘आम्हीं पैसे मोजले’ हें उत्तर अपुरें आहे. भारनियमनाचे तास वाहिनीवरील गळती व बिलांची वसुली पाहून ठरत. वेळेवर बिल भरणाराही थकबाकीदारांबरोबरच अंधारांत बसे. या अन्यायाबद्दल आपण रास्त तक्रार केली. पण अंधार जर सर्वांचा, तर सिद्धता एकट्याची कां? मोटार सुरू करण्यापूर्वीं बिनमोटारीच्या घरचे चार हंडे भरूं देण्यास फार वेळ लागत नाहीं.