'लागू पडणें'

काशीगांवांत आमचे एक वृद्ध स्नेही असतात. गतवर्षीं त्यांच्या गालावर जांभळट, न दुखणारी गांठ उठली. तपासणींत मर्केल पेशींचा कर्करोग ठरला. त्वचेच्या कर्करोगांतील हा फार विरळा व फार उतावळा प्रकार. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें तेव्हां याला स्वतंत्र नांवही नव्हतें. टोकर यांनीं तो १९७२ सालीं प्रथम वर्णिला. निदान होईतों रोग यकृतांत पोंचला होता. मुलांनीं केमोथेरपीस रुकार दिला आणि वडिलांस सांगितलें, "साधी गांठ आहे, औषधानें जाईल."

"औषध लागू पडण्याचा संभव निम्म्याहून अधिक," असें डॉक्टर म्हणाले होते. आमच्या मतें सारा घोटाळा 'लागू पडणें' या दोन शब्दांत आहे. वैद्याच्या भाषेंत त्यांचा अर्थ गांठी आकसणें. घरच्यांच्या कानीं पडला तो बरें होणें. कार्बोप्लॅटिन व इटोपोसाइड यांनीं गांठी आकसतात खऱ्या, पण बहुधा थोड्याच महिन्यांत पुन्हां वाढतात. आयुष्य त्यानें लांबतें असें सिद्ध झालेलें नाहीं. उलट केंस जातात, ओकाऱ्या होतात, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटून साधा ताप जिवावर बेततो. २०१७ पासून अव्हेल्युमॅबसारखीं, शरीराची प्रतिकारशक्ति चेतविणारीं औषधें आलीं आहेत व कांहींजणांत तीं रोगास वर्षानुवर्षें थोपवितात. परंतु त्यांची किंमत ऐकून मध्यमवर्गीय गृहस्थानें घर विकावें कीं काय, असा दुसराच प्रश्न उभा राहतो.

सत्य सांगितल्यानें रोगी खचतो, असा आक्षेप येईल. रोग्याच्या तोंडावर महिन्यांचा आंकडा फेंकावा असें आम्ही म्हणत नाहीं; किती जाणून घ्यावयाचें आहे, एवढें तरी त्यास विचारावें. ओकारीचे दिवस देऊन तो कांहीं विकत घेत आहे. मालाचें नांव त्यास ठाऊक नको काय? २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सन्मानानें मरण्याचा हक्क मान्य केला. पण आपण मरणाजवळ आहों हेंच ज्यास कळूं दिलें नाहीं, त्यानें तो बजावावा कसा?

इतकें मनाशीं जुळवून आम्ही मागच्या पंधरवड्यांत त्यांच्या भेटीस गेलों. मुलगा चहा सांगावयास आंत जातांच ते हलक्या आवाजांत म्हणाले, "मला सगळं ठाऊक आहे. पण पोरांना कळूं देऊं नका. त्यांचा धीर सुटेल." तीन वेळां औषध देऊन झालें होतें. चौथ्यांदा घेणार काय, असें आम्हीं विचारलें.

"पोरांसाठीं घेईन," ते म्हणाले.

मुलगा चहा घेऊन बाहेर आला, आणि आम्ही पावसाबद्दल बोलूं लागलों.