कळ दाबण्याआधी

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, फायली आल्या आणि मिनिटाला 'मराठी ३०, इंग्रजी ४०' शब्दांच्या टायपिंग सर्टिफिकेटाला घराघरांत मोल आलं. टायपिंगच्या क्लासात सगळा भर दोनच गोष्टींवर असायचा, वेग आणि बिनचूकपणा. बोटांनी डोक्याला विचारत बसायचं नाही. त्या शिकवणीत वाढलेल्या मला चंद्रकांत भिडे यांनी टाइपरायटरवर काढलेली चित्रं पाहिली की आजही थक्क व्हायला होतं.

भिडे मुंबईचे. चित्रकला शिकायची ओढ होती, पण घरची परिस्थिती नव्हती. मग टायपिंग शिकले आणि १९६७ साली युनियन बँकेत लागले. एकदा वरिष्ठांनी इंटरकॉमच्या नंबरांची यादी टाइप करायला सांगितली, तर यांनी ती टेलिफोनच्याच आकारात टाइप करून दिली. पुढे गणपती झाला, माणसांचे चेहरे झाले, आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅनही झाला. निवृत्तीच्या वेळी बँकेनं त्यांचं यंत्र त्यांना एक रुपयात देऊन टाकलं. त्या रुपयाचं मला फार अप्रूप वाटतं. हे यंत्र आता कचेरीच्या सामानात मोडत नाही, हे तिथं कुणीतरी ओळखलं होतं.

टाइपरायटरला करडा रंग ठाऊक नसतो, तो बोटानं आणावा लागतो. कळ हलकी मारली की पुसट ठसा उमटतो. मागे येऊन त्याच जागी दुसरं, तिसरं अक्षर मारलं की जागा गडद होत जाते. केसांना एक्स, हनुवटीच्या कडेला नुसते पूर्णविराम. यंत्र चालतं सरळ ओळीत, गाल मात्र गोल. तेव्हा रूळ मोकळा करायचा, एका हातानं कागद केसभर वर घ्यायचा, नजर लावायची आणि मग एकच बोट. खोडरबर चालवलं तर शाई पसरते, कागद सोलतो. एका चुकार ठशानं डोळ्याची बाहुली बिघडते. क्लासात जो क्षण वाचवायला शिकवलं, तो कळ दाबण्याआधीचा क्षण इथं पुरेपूर खर्च करावा लागतो.

अशीच चित्रं काढणाऱ्या अमेरिकेतल्या पॉल स्मिथ यांना सेरेब्रल पाल्सी होती. हात स्थिर राहत नसे, म्हणून डाव्या हातानं उजवा धरून ते कळ मारत. शिफ्टची कळ अडकवून ठेवायची आणि आकड्यांच्या वरची चिन्हं तेवढी वापरायची, अशा रीतीनं त्यांनी मोनालिसासुद्धा काढली.

आपल्या मराठी यंत्रात तर आणखी एक सोय आहे. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा मारल्या तरी गाडी पुढे सरकत नाही, कारण ती चिन्हं अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसायची असतात. ठशावर ठसा चढवायला याहून सोपं काय? अनुस्वाराच्या टिंबांतून आणि उकाराच्या वळणांतून ज्वारीचं कणीस कुणीतरी काढावं, असं मला मनापासून वाटतं.

गोदरेजनं १९५५ साली देशी टाइपरायटर काढला आणि २००९मध्ये बनवणं थांबवलं. परीक्षाही संगणकावर गेल्या. बंद पडलेल्या क्लासांची यंत्रं भंगारात निघतात आणि भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या जालन्यात आहेतच. सळया लागतातच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण अंबडला, परतूरला, भोकरदनला कुणाच्या माळ्यावर असं यंत्र असेल, तर विकण्याआधी त्याला थोडं तेल द्यावं आणि घरातल्या पोरापुढे कोरा कागद लावून ठेवावं. शब्द टाइप करू नकोस म्हणावं, आजीचा चेहरा काढ. रिबन वाळली असेल तर कागदावर कार्बन पेपर धरला तरी ठसा उमटतो.