क्षमा की नुसती विस्मृती?

एखाद्या खेळाडूवर जीव लावणाऱ्या माणसाला त्या खेळाडूवर रागावण्याचा हक्क असतो का? असलाच, तर नेमका कशासाठी? आणि रागावल्यावर पुन्हा त्याला जवळ करायचे ते कोणत्या आधारावर? प्रश्न वरवर पोरकट वाटतील. पण २००७ साली विश्वचषकात आपला संघ बांगलादेशाकडून हरला तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चाललेल्या घरावर लोक चालून गेले होते, आणि चारच वर्षांनी त्याच धोनीला देशाने डोक्यावर घेतले. मधल्या काळात लोकांनी त्याला क्षमा केली होती काय? की क्षमा करण्याजोगा अपराध मुळात घडलाच नव्हता?

आज आपण क्रिकेट बाजूला ठेवून बास्केटबॉलचे एक उदाहरण पाहू. हा खेळ आपल्याला परका नाही. आपल्या कित्येक शाळांच्या आवारात लोखंडी खांबावरची ती रिंग उभी असते, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तर अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतील दोन संघ मुंबईत वरळीला येऊन खेळून गेले. त्याच महिन्यात मेम्फिसच्या संघाकडून वीस वर्षांचा एक मुलगा एनबीएतला आपला पहिला सामना खेळला. त्याचे नाव जा मोरँट.

मेम्फिस हे मिसिसिपी नदीकाठचे शहर. बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची, गरिबी बरीच. मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत खेळणारा शहराचा संघ एकच, आणि तोही २००१ साली कॅनडातील व्हँकूव्हरहून इथे आलेला : ग्रिझलीज. ह्या संघावर लोकांचा जीव का जडला हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढचा राग कळणार नाही. झॅक रँडॉल्फ, टोनी ॲलन, मार्क गसोल, माइक कॉन्ली ही त्या संघाची आधीची पिढी. डोळे दिपवणारा खेळ त्यांचा नव्हता. रँडॉल्फची उडी तर फारशी उंच जायचीच नाही. पण ते अंग मोडून खेळायचे, प्रतिस्पर्ध्याला सुखाने बास्केट करू द्यायचे नाहीत, आणि २०१३ साली पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. हाच रँडॉल्फ शहरातील गरीब कुटुंबांची थकलेली विजेची बिले आपल्या खिशातून भरायचा. कष्टकरी शहराला आपल्यासारखे दिसणारे खेळाडू मिळाले होते. ‘आमचा माणूस’ म्हणजे कसा, ह्याचे माप त्या पिढीने घालून दिले.

त्यानंतर मोरँट आला. दक्षिण कॅरोलायनातील डॅलझेल ह्या छोट्या गावचा. घरामागच्या अंगणात बापाने ट्रॅक्टरच्या टायरवर उड्या मारायला लावून त्याला तयार केले होते. मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही, म्हणून मरे स्टेटसारख्या लहानशा विद्यापीठातून तो खेळला. २०१९ च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाने तो मेम्फिसच्या वाट्याला आला. २०२० साली सर्वोत्तम नवोदित, २०२२ साली सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू. त्या हंगामात संघाने ८२ पैकी ५६ सामने जिंकले. सहा फूट उंचीचा हा मुलगा सात फुटी माणसांच्या डोक्यावरून चेंडू रिंगमध्ये घालायचा. त्याच उन्हाळ्यात पाच वर्षांचा, १९ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार झाला आणि तेविसाव्या वाढदिवसाआधीच तो संघाचा, शहराचा नायक ठरला.

इथे थोडे थांबू या. नायकपण त्याला कुणी दिले? त्याने ते मागितले होते काय? जो सर्वांत उंच उडी मारतो त्याच्याच हाती आपण संघ देतो. वर्गात पहिला येणाऱ्याला मॉनिटर करायची जुनी खोड आपल्याकडेही आहेच. गुण एक असतो आणि अपेक्षा भलत्याच गुणाची ठेवली जाते. उंच उडी हे देणे आहे. पराभवाच्या रात्री सोबत्यांच्या पाठीवर हात ठेवणे हे वेगळेच देणे, आणि ते बहुधा वयाबरोबर येते. २०२१-२२ च्या त्याच हंगामात मोरँटविना खेळलेल्या २५ सामन्यांपैकी २० सामने संघाने जिंकले होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे संघ उभा होता तो अनेकांच्या खांद्यावर. जाहिरातीच्या फलकावर चेहरा मात्र एकाचाच होता.

मग २०२३ चा मार्च उजाडला. डेन्व्हरमधील सामना हरल्यावर पहाटे एका क्लबात हातात पिस्तूल घेऊन मोरँटने स्वतःच इंटरनेटवर थेट चित्रण दाखवले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही. स्पर्धेच्या व्यवस्थापनाने त्याला ८ सामन्यांसाठी निलंबित केले. त्याने माफी मागितली, समुपदेशन घेतले, परत आला. चाहत्यांनी मोठ्या मनाने त्याला जवळ केले. दोन महिनेही झाले नाहीत तोच मे महिन्यात मित्राच्या मोटारीत पुन्हा पिस्तूल, पुन्हा थेट चित्रण. ह्या वेळी शिक्षा २५ सामन्यांची.

हा राग केवळ खेळाचा नव्हता, असे आम्हांला ठामपणे वाटते. रेव्हरंड डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांना ४ एप्रिल १९६८ रोजी जिथे गोळी घातली गेली ते लॉरेन मोटेल मेम्फिसमध्येच आहे, ग्रिझलीजच्या मैदानापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर. तिथे आता नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. जानेवारीत डॉ. किंग ह्यांच्या जयंतीनिमित्तच्या दिवशी हा संघ घरच्या मैदानावर सामना खेळत आला आहे. आणि २०२३ ह्याच वर्षी त्या शहरात खुनांची संख्या आजवरची सर्वाधिक नोंदली गेली. अशा शहरात ज्याच्या नावाची बनियन घालून मुले शाळेच्या मैदानावर धावतात, त्याने गंमत म्हणून पिस्तूल मिरवावे, हे तिथल्या आईबापांना लागले तर त्यांना कोण दोष देईल? इथे चाहत्यांचा हक्क पूर्ण आहे. तिकीट काढल्यामुळे तो मिळत नाही. एकाच गावात मुले वाढवत असल्यामुळे तो मिळतो.

निलंबनाच्या त्या २५ सामन्यांत संघाने फक्त ६ जिंकले. मग १९ डिसेंबर २०२३ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये मोरँट परतला. ३४ गुण केले आणि अगदी शेवटच्या क्षणी बास्केट करून सामना ११५-११३ असा जिंकून दिला. मेम्फिसमध्ये आनंदीआनंद झाला. सगळे मिटले, असे वाटले.

खरेच मिटले होते का? आमच्या मते ह्या सगळ्या कथेची गोम त्या रात्रीत आहे. तो चेंडू रिंगला लागून बाहेर पडला असता तर? लोकांनी त्या रात्री ज्याला क्षमा म्हटले ती एका बास्केटवर टांगलेली होती. क्षमेसाठी झालेला अपराध नजरेसमोर ठेवावा लागतो, त्याचे नाव घ्यावे लागते आणि तरीही माणसाला जवळ करावे लागते. विस्मृतीला असे काहीच करावे लागत नाही, तिला फक्त काहीतरी गोड पुरवावे लागते. गोड संपले की जुने कडू पुन्हा वर येते. नऊ सामने खेळून मोरँटचा खांदा दुखावला, हंगाम संपला, आणि लोक कुरकुरू लागले. खांदा दुखावणे हा काय अपराध आहे?

संघचालकांनीही उपाय केले, पण तेही बाजारातले. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी मार्कस स्मार्ट आणि डेरिक रोझ हे दोन अनुभवी खेळाडू आणले. हेतू उघड होता, पोराजवळ कुणी वडीलधारे असावे. रोझची निवड तर विचारपूर्वक होती; स्वतः बाविसाव्या वर्षी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरून पुढे दुखापतींनी खचलेला तो माणूस होता. पण स्मार्ट त्या हंगामात २० च सामने खेळू शकला, आणि पुढे दोघेही गेले. वडीलधारेपण करारावर सही करून येत नसावे.

२०२५ च्या मार्चअखेर, हंगामाचे नऊ सामने उरले असताना, प्रशिक्षक टेलर जेन्किन्स ह्यांना काढण्यात आले. एप्रिलमध्ये बास्केट केल्यावर बोटांचे पिस्तूल करून दाखवल्याबद्दल मोरँटला ७५,००० डॉलर दंड झाला. लोक म्हणाले, ह्याला अजून कळले नाही. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी लेकर्सविरुद्धचा सामना संघ हरला. मोरँटने १४ प्रयत्नांत ३ बास्केट केले, एकूण ८ गुण. पत्रकारांनी काय चुकले असे विचारले तेव्हा त्याने बोट प्रशिक्षकांकडे दाखवले. त्यांनाच विचारा, असा एकंदर सूर. संघानेच त्याला एका सामन्यासाठी बाहेर बसवले.

त्यानंतर चाहत्यांनी जे जे म्हटले त्यात धान्य आणि भुसा दोन्ही एकत्र आहे, ते पाखडून घ्यायला हवे. बास्केट होत नाहीत म्हणून राग, हा भुसा. सव्वीस वर्षांच्या, अनेक दुखापती सोसलेल्या पायांतली उडी कमी झाली असेल तर तो दोष नव्हे. बाकावर बसलेल्या मुलाचा चेहरा पाहून ‘ह्याला पर्वाच नाही’ असे ठरवणे, हाही बहुतांशी भुसाच. निराश माणूस आणि बेपर्वा माणूस दुरून सारखेच दिसतात. आपल्याच घरातील सोळा वर्षांच्या मुलाबाबत आपण ह्यात चुकतो, तर टीव्हीवरून काय कळणार? त्याने किती कोटी घेतले हे पुन्हा पुन्हा उगाळणे, ह्यात तर नुसता मत्सर आहे.

पण हरलेल्या रात्री दोष दुसऱ्याकडे सरकवणे, हे धान्य आहे. ती गोष्ट उडीवर, वयावर, नशिबावर अवलंबून नव्हती. त्या रात्री बाकावरच्या बाराव्या खेळाडूलाही ‘माझे चुकले’ म्हणता आले असते. नायकपण न मागता मिळाले हे कबूल. तरीही एकदा पत्करले, मिरवले, त्याचा मोबदला घेतला, की त्याचे ओझे नाकारता येत नाही. म्हणून आम्ही मेम्फिसच्या त्या चिडलेल्या लोकांच्या बाजूने आहोत, अर्ध्या अंतरापर्यंत. उरलेल्या अर्ध्यात त्यांनीही स्वतःला विचारावे, की १९ डिसेंबरच्या त्या रात्री टाळ्या वाजवताना पिस्तुलाची आठवण त्यांच्यापैकी किती जणांना होती? ज्यांना होती, आणि तरीही ज्यांनी टाळी वाजवली, त्यांनीच त्याला क्षमा केली. ऑक्टोबरात रागावण्याचा अधिकार बहुधा त्यांचाच होता, आणि आमचा तर्क असा की त्यांचा आवाज सर्वांत खाली असेल.

संघ पुढच्या सामन्यासाठी टोरंटोला खेळला, मोरँटविना. प्रश्न विचारणारे पत्रकार तेच होते, प्रशिक्षकही तेच. १४ मधले ११ प्रयत्न चुकले हे सर्वांना दिसलेच होते; ते त्याच्या तोंडून ऐकायचे तेवढे राहून गेले होते.