हक्क माझा, धोका सगळ्यांचा

(भाचा भोसरी एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. मामा पिंपरीतल्या कंपनीतून निवृत्त, युनियनमध्ये वावरलेले.)

भाचा : मामा, ही स्लिप बघा. रोज बारा तास मशिनवर उभा असतो. जादा तासांपुढे 'ओटी' लिहीतच नाहीत, 'इन्सेंटिव्ह' लिहितात. तोही सिंगल दरानं. दोन महिने तर तेवढाही नाही.

मामा : १९४८च्या कारखाने कायद्यापासून ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. लॉकडाऊनमध्ये गुजरात सरकारनं सिंगल दराची मुभा दिली, तर १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. मग तू अडतोस कुठे?

भाचा : गावची चार पोरं माझ्या शब्दावर इथं लागलीत. मी तक्रार केली की ठेकेदार सगळ्यांनाच ब्रेक देईल. माझ्या हक्कापायी त्यांची भाकरी का जावी?

मामा : आणि गप्प बसलास तर उद्या येणाऱ्या पोरालाही सिंगलच दर सांगतील. तुझे पैसे सोडायचा तुला अधिकार आहे. पुढच्याचा दर पाडायचा नाही.

भाचा : तुम्ही पर्मनंट होता, मागे युनियन होती. आणि दर मी नाही, ठेकेदारानं पाडलाय.

मामा : मान्य. दोष बुडवणाऱ्याचाच. पोट हातावर असलेल्याकडे हिंमत मागता येत नाही. पण त्या चौघांच्या वतीनं तू एकट्यानं का ठरवतोस? विचारलंस त्यांना?

भाचा : नाही.

मामा : १८८४ साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्यांवर सुमारे ५,५०० जणांच्या सह्या घेतल्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं.

भाचा : सहा वर्षं! आमचं घरभाडं सहा महिनेही थांबायचं नाही.

मामा : म्हणून तयारीनं जा. पंचिंगच्या नोंदी, स्लिपा, सुपरवायझरचे मेसेज जपा. नव्या वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पैसे दिल्याचं मालकानं सिद्ध करायचं. ठेकेदारानं बुडवले तर कंपनीनं भरायचे.

भाचा : आणि कुणी नाही म्हटलं तर?

मामा : अर्जात त्याचं नाव घालू नकोस, त्याला भेकडही म्हणू नकोस.

भाचा : तरी झळ त्यालाही लागेल.

मामा : लागेल. म्हणूनच आधी सांग. त्यांच्या माघारी अर्ज देणं काय नि त्यांचं नाव पुढं करून गप्प बसणं काय, दोन्हीत त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

भाचा : आज शिफ्ट सुटली की बसतो सगळ्यांसोबत. धोका लपवणार नाही. पण अर्ज गेलाच, तर पहिली सही माझी.