बेलाच्या बेचक्यातली रात्र

वैशाखात जंगलातले ओढे आटतात, मोजकेच पाणवठे उरतात आणि तहानेलेल्या जनावराला तिथे यावेच लागते. त्यात पौर्णिमेचे चांदणे असले की पाण्यावर वाकलेले चितळ टॉर्चशिवायही ओळखता येते. म्हणून महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत पाणवठ्यावरची प्राणीगणना या रात्री होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही अशी मोजणी झाली आहे. मचाणावर संध्याकाळी चढायचे ते सकाळीच उतरायचे. अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलणे नको.

ही रात्र बुद्धपौर्णिमेची. याच तिथीला सिद्धार्थ गौतमाला बोध झाला, तो पिंपळाखाली बसलेला असताना. मग प्रश्न पडतो, साधकाची जागा झाडाच्या मुळाशी का? वर, फांद्यांत, आकाशाच्या जवळ का नाही?

या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, जवळजवळ थेट सापडते. भिक्षूला दीक्षेच्या वेळी चार आधार सांगत: भिक्षेचे अन्न, टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर, औषधाला गोमूत्र आणि राहायला वृक्षमूल, म्हणजे झाडाचे बूड. पण पावसाळ्यात काही भिक्षूंनी झाडाच्या ढोलीत वर्षावास मांडला, तेव्हा लोक म्हणाले, हे पिशाच्चांसारखे राहतात. काहींनी फांद्यांच्या बेचक्यात मुक्काम केला, तेव्हा लोक म्हणाले, हे शिकाऱ्यांसारखे वागतात. बुद्धाने दोन्हींना मनाई केली. धर्मानंद कोसंबींनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहून मराठी वाचकाला ज्या संघाची ओळख करून दिली, त्याचे बरेच नियम असे लोकांच्या कुरकुरीतून घडले आहेत. गावकऱ्यांनी जाता जाता एक शब्द टाकावा आणि त्यात सगळा मुद्दा यावा, तसे इथे झाले. बेचक्यात बसतो तो शिकारी. त्याला खालचे सगळे दिसते आणि तो कोणाला दिसत नाही. भिक्षूचे जगणे याच्या बरोबर उलटे असायला हवे, कारण दारोदार हात पसरणाऱ्याला लपून चालत नाही.

संघातल्याच देवदत्त नावाच्या भिक्षूला एवढे पुरेसे वाटत नव्हते. भिक्षूंनी जन्मभर झाडाखालीच राहावे, छपराखाली जाऊच नये, अशी त्याची मागणी होती. बुद्धाने ती नाकारली. झाडाखाली आठ महिने, बस्स. उरलेल्या चार महिन्यांचे काय, हे कळायला बोरिवलीच्या त्याच उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या श्रावणात चढाव्यात. अंगावर कोसळणारा पाऊस, काळ्या खडकावरून धावणारे पाणी, आणि आत कोरडी लेणी. झोपायला दगडी ओटे, पाण्यासाठी खडकात खोदलेली टाकी. शंभरावर लेण्यांची ही वसाहत जवळजवळ हजार वर्षे नांदली. मुंबईच्या उपनगरात देवदत्ताला दिलेले उत्तर असे दगडात कोरलेले आहे. देहाला विनाकारण छळण्यात कसले पुण्य, असे ते उत्तर.

आता त्याच जंगलाच्या पश्चिमेला उतरावे. बोरिवलीच्या मंडपेश्वराला, किंवा आणखी दक्षिणेला जोगेश्वरीच्या लेण्यात, महाशिवरात्रीला लोक बेल घेऊन रांगेत उभे असतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’ची पोथी आहे, आणि तिच्या दुसऱ्या अध्यायात बेचक्यात बसलेला शिकारी साक्षात हजर आहे. दिवसभर शिकार मिळाली नाही, पोट रिकामे. पाण्याजवळच्या बेलावर चढून तो सावजाची वाट पाहतो. नेम नीट दिसावा म्हणून आडवी येणारी पाने तोडून खाली टाकतो. खाली शिवलिंग आहे, हे त्याला ठाऊक नाही. उपास घडला, जागरण घडले, बिल्वार्चन घडले, आणि त्याचा उद्धार झाला.

इथे दोन परंपरा समोरासमोर येतात. बुद्धाच्या मते चेतना, म्हणजे मनातला हेतू, हेच कर्म. मग न कळत पडलेल्या पानाला मोल कसले? पोथी मात्र निर्धास्तपणे सांगते की अजाणता घडलेली पूजाही पोचते. भाविकाला हे ऐकून धीर येतो आणि चिकित्सकाला राग. देव असा चुकून पडलेल्या पानांवर भुलत असेल, तर नीतीला काय अर्थ राहिला?

पण कथा पानांपाशी थांबत नाही. हरिणी येते, पिलांना भेटून परत येते म्हणून मुदत मागते. शिकारी तिला जाऊ देतो. पहाटे हरणांचे सगळे कुटुंब वचन पाळायला परत येते, आणि त्याच्या हातातले धनुष्य गळते. पाने नकळत पडली. बाण न सोडणे मात्र पूर्ण जाणतेपणी घडले. रात्रभराच्या नकळत पूजेने त्याचे मन मऊ झाले असे पोथी म्हणते, आणि ते पटते. जागे राहणे, उपाशी असणे, समोरच्याचे बोलणे ऐकून घ्यावे लागणे, यांनी माणूस बदलतो. पण शेवटचा निर्णय त्याचा स्वतःचा. तिथे बुद्धाची चेतना आणि श्रीधरांची पोथी फार दूर उरत नाहीत. बेचक्यातला शिकारी बेचक्यातच राहिला, फक्त शिकारी राहिला नाही.

उद्यानाशेजारच्या आरेतल्या आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यांची वाट वेगळी आहे. तिथे बिबट्या आहे, आणि तो माणसापेक्षा कितीतरी सहज झाड चढतो. वर चढून सुटका नाही. म्हणून तिथल्या वारली आदिवासींनी वाघोबा हा देव मांडला, त्याला नारळ वाहिला आणि जंगल दोघांचे आहे हे मान्य केले.

मचाणाचा इतिहासही रक्ताचाच आहे. खाली आमिष म्हणून बोकड किंवा रेडा बांधायचा, वर बंदूक घेऊन बसायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. मचाण मात्र राहिले, आणि वर बसणाऱ्याला आता रात्रभर तेच करावे लागते जे बेलावरच्या त्या शिकाऱ्याला करावे लागले: जागायचे, गप्प राहायचे, खाली येणाऱ्याकडे पाहायचे आणि त्याला जाऊ द्यायचे.

चौथ्या प्रहरी पाण्यापाशी सुकी पाने वाजतात. मचाणावरचा माणूस श्वास रोखून बसतो. जनावर पिऊन झाडीत शिरले की तो कागद पुढे ओढतो आणि चांदण्यात अक्षरे चाचपत लिहितो: चितळ, मादी, सोबत पाडस.