विश्वास आणि मोकळें दार

आपली निवड दुसऱ्यावर सोंपविली म्हणजे आपलें स्वातंत्र्य गेलें काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांपुढें आम्ही ठेवूं इच्छितों. राजूरच्या बाजारांतून संकरित बियाण्याची पिशवी नेणाऱ्या शेतकऱ्यास पीक भरघोस येतें. परंतु त्या पिकाचें बीं पुढल्या पेरणींत तसेंच उतरत नाहीं, म्हणून त्याला दुकानाची पायरी पुन्हा चढावी लागते. याच अकोले तालुक्यांत कोंभाळणे येथें श्रीमती राहीबाई पोपेरे यांनीं गावरान वाणांची बियाणें-पेढी उभारली व २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. तेथील बियाणें पेरावें, राखावें, शेजाऱ्यासही द्यावें. वाण निवडणारा येथेंही दुसराच असतो. तरी घेणारा त्याचा बांधलेला होत नाहीं.

संगणकाच्या आज्ञावलींविषयीं हीच मोकळीक मिळावी म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढें १९९१ त लिनक्स व १९९३ त डेबियन हीं निघालीं. डेबियनचे स्वयंसेवक एकेक आज्ञावली पारखून तिचें पॅकेज बांधतात व भांडारांत ठेवितात. एक मागितलें कीं त्यास लागणारीं इतरही आपोआप येतात. हजारों पॅकेजें स्वतः तपासणें कोणाही गृहस्थास शक्य नाहीं. तो विश्वास ठेवितो, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं.

मात्र विश्वासाची कसोटी २०१९ सालीं लागली. उबुंटूंत जुन्या रीतीनें क्रोमियम मागितलें असतां स्नॅप नांवाच्या निराळ्या पद्धतीचें पॅकेज येऊं लागलें, आणि त्या भांडाराची व्यवस्था एकाच कंपनीच्या हातीं होती. सर्व आवृत्त्यांस एकच पॅकेज पुरतें व श्रम वांचतात, हें तिच्या बाजूचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु वापरणाऱ्याची संमति कोठें आहे, असा आक्षेप घेऊन लिनक्स मिंटनें विसाव्या आवृत्तींत त्या वाटेस कुलूप घातलें. स्वातंत्र्याच्या नांवानें कुलूप, ही विसंगति नव्हे काय? तें कसें काढावें हें मिंटनें लिहून ठेविलें नसतें, तर आम्हीही तसेंच म्हटलें असतें.

आमच्या मतें परावलंबनाचें मूळ विश्वासांत नसून परतीची वाट बंद होण्यांत आहे. ज्याच्यावर भार टाकिला त्याला उद्यां सोडतां येत असेल, तर आज त्याचें ऐकण्यांत कमीपणा नाहीं. पण दार मोकळें असूनही तें कोठें आहे हें आपण कधीं पाहिलेंच नाहीं, तर तो दोष कोणाच्या माथीं मारावा? कणगींत वर्षानुवर्षें पडून राहिलेलें बीं उगवत नाहीं. जाणत्या शेतकऱ्यास तें अधूनमधून पेरावेंच लागतें.